घरचा भाकरी-चटणीचा धंदा जोरात चाललाय पण पैसा हातात टिकेना (सोलापूर)

जुळेसोलापूरची_भाकरी:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मी जुळे सोलापूरला राहते, घरूनच ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. सासूबाईंच्या हातच्या भाकरी नणंदेनं पुण्याला ऑफिसात नेल्या आणि तिथनं जे फोन सुरू झाले ते चालूच आहेत. आता व्हॉट्सॲपवर रोज ऑर्डर असते, सुट्टीला आलेले पुणे-मुंबईवाले जाताना बांधून नेतात, शिवाय हायवेवरच्या एका ढाब्याला रोज भाकरी जाते. थापायला गल्लीतल्या दोन मावशी येतात, चटणी मी आणि सासूबाई करतो.

आता अडचण. काम एवढं वाढलंय की दुपारी पाठ टेकायला मिळत नाही, पण महिन्याअखेरी बघावं तर डब्यात नोटा नाहीत. मिस्टर म्हणतात तुझा धंदा म्हणजे समाजसेवा आहे, आणि मला रागही येतो आणि उत्तरही देता येत नाही. चटणी २६० रुपये किलो देते, भाकरी ८ रुपयाला एक, ढाब्याला ७ ने. ढाबेवाला दीड-दोन महिन्यांनी पैसे देतो, ते पण तुकड्या-तुकड्यानं. रेट वाढवावा तर पलीकडच्या गल्लीत एकजण साडेसात रुपयाला भाकरी देतोय. मिस्टरांचे मित्र म्हणतात नवी पेठेत छोटा गाळा घ्या, घरून कुठं धंदा होतो का. त्यात आता एक दुकानदार विचारतोय लायसन नंबर आहे का, आणि हैदराबादच्या एका बाईंना चटणी कुरिअरनं हवीय तर म्हणे जीएसटी लागतो. कुठून सुरुवात करू? ज्यांनी घरून काही केलंय त्यांनी सांगा प्लीज.

चटणीवाली_काकू:

अगं बाई, आधी कागद-पेन घे. मी बरीच वर्षं चटणी करतेय, तुझा रेट वाचला आणि पोटात गोळाच आला.

चटणीचा हिशोब करू. दाणे आजच्या भावानं १४० धरू. भाजून, सालं पाखडून किलोचे ९०० ग्रॅमच्या आसपास उरतात, त्यात तिखट-मीठ-लसूण पडलं की परत किलोला येतं. तिखट चांगलं असेल तर ३० चं, लसूण २०, जिरं-मीठ १०. झाले २००. गॅस आणि कांडप १०, पाऊच आणि लेबल १५. झाले २२५. राहिले ३५ रुपये, आणि त्यात तू, सासूबाई, भाजताना खाल्लेला धूर, लसूण सोलत बसलेली दुपार, आणि 'जरा चव बघू' म्हणून दिलेली पुडी एवढं सगळं बसवायचं. लसूण महागला की ते ३५ पण गेले.

भाकरीचं तर विचारूच नको. मालदांडी ज्वारी ५० धर, दळण ५, किलोत माझ्या हातानं १६ पातळ भाकरी होतात, म्हणजे नुसतं पीठच साडेतीन रुपयाला पडलं. मावशींची मजुरी २, गॅसचा १, झाले साडेसहा. कडक भाकरी मोडतेच, पन्नासात चार तरी जातात, त्यांचा खर्च उरलेल्यांवर आला म्हणजे ७. आणि ढाब्याला तू ७ नेच देतेस, तेही उधार. मिस्टर चिडवतात पण खोटं बोलत नाहीत गं.

आणि एक विचारते, खरं सांग. धंद्याची ज्वारी आणि घरची ज्वारी एकाच कोठीतनं निघते ना? गॅस पण घरचाच? तिथंच सगळं गळतंय. घरचा १४.२ किलोचा सिलेंडर धंद्याला वापरायचा नसतो, १९ किलोचा कमर्शियल घ्यावा लागतो, म्हणून गॅसचा खर्च कमर्शियलच्या भावानंच धर. पाहुणे आले की धंद्याच्या डब्यातली चटणी ताटात जाते ना, ती पण वहीत लिही. माझ्या घरी मुलीच्या सासरी चटणी पाठवायची तरी मी वहीत लिहिते, हसतात सगळे.

रेटचं म्हणशील तर चटणी ३४० कर, भाकरी १०. साडेसातवाल्याकडं ज्यांना जायचंय त्यांना जाऊ दे. मोडलेल्या भाकरी टाकू नको, चुरा म्हणून पाव किलोच्या पाकिटात वेगळ्या विक. आमटीत नाहीतर दूध-गुळात कुस्करून खाणारी माणसं सोलापुरात कमी नाहीत आणि पुण्यात तर मुद्दाम मागतात.

यंत्रमाग_नव्हे_शिलाई:

अक्का, गाळ्याचं डोक्यातनं काढून टाका. आमच्या घरात शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई चालती, जॉबवर्क, अशोक चौकाकडं. आमच्या दोस्तानं असंच लोकं म्हणूलालेत म्हणून गाळा घेतला, डिपॉझिट, भाडं, लाईट, वर बसायला एक पोरगं, आणि गिऱ्हाईक तेच जुनं, फोनवरचंच. वर्षात बंद केला बे. तुमचं गिऱ्हाईक रस्त्यानं जाणारं नाहीच, ते पुण्यात बसून मेसेज करूलालंय, त्याला नवी पेठ काय आन जुळे सोलापूर काय.

आमची आज्जी विड्या वळायची. पानं-तंबाखू कारखान्याचं, हजार विडीमागं ठरलेली मजुरी, खराब निघालेल्या वजा. तिच्यावर अन्याय लै झाला ते वेगळं, पण सांजच्याला आज किती कमावलं ते तिला तोंडपाठ असायचं. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, म्हंजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, कुठल्या पण बाईला विचारा, लगेच सांगती. आन आपण मालक म्हणवून घेतो आन आपल्याला ठाव नसतंय. भाकरीमागं मावशींना २ रुपये देताय ना, मग तुम्ही स्वतःला पण भाकरीमागं मजुरी लावा, रोजच्या रोज वेगळ्या डब्यात टाका. ती काढून जे उरलं तो नफा. उरला नाही तर रेट चुकला.

ढाबेवाल्याचं सोप्पंय. सोमवारी सांगायचं, उद्यापासनं आठवड्याचे पैसे आठवड्याला, नाहीतर भाकरी बंद. तो ओरडतोय, ओरडू द्या. त्याच्या टेबलावर कडक भाकरी आन शेंगाचटणी नसली तर पुण्याकडनं आलेलं गिऱ्हाईक पहिलं त्यालाच विचारतंय.

कागदपत्र_मास्तर:

वरच्या दोघांनी हिशोब चोख सांगितलाय, मी फक्त कागदांचं लिहितो, कारण टॅक्सच्या ऑफिसात काम करतो आणि रोज हेच प्रश्न येतात.

पहिलं फूड लायसन. खाण्याची वस्तू विकायची म्हणजे घरून असो नाहीतर हातगाडीवरून, एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याची) नोंदणी लागतेच. आमच्याकडनं लोकांची केली तेव्हा १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्याला बेसिक रजिस्ट्रेशन होतं आणि सरकारी फी वर्षाला १०० रुपये. मर्यादा आणि फी बदलत राहते, त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर चालू नियम बघून स्वतःच भरा. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा तयार ठेवा. एजंट हजारो मागतात, गरज नाही. मिळतो तो १४ आकडी नंबर, दुकानदार तोच विचारतोय. तो लेबलवर छापायचा, सोबत नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहारीचा हिरवा ठिपका. तुमच्या मालात शेंगदाणा आहे, त्याची ॲलर्जी असणारी माणसं असतात, तेव्हा 'यात शेंगदाणा आहे' हे वेगळं ठळक लिहा, ते बंधनकारक आहे.

जीएसटी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण चटणीसारखा करपात्र माल तुम्ही स्वतः दुसऱ्या राज्यात पाठवला तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. सोलापूरकरांना हे जास्त नडतं, कारण आपलं निम्मं गणगोत गुलबर्गा, विजापूर, हैदराबादला. हैदराबादच्या बाईंचं कोणी पाहुणं सोलापुरात येऊन तुमच्या दारातनं माल घेऊन गेलं तर ती इथलीच विक्री. एका गिऱ्हाइकासाठी रिटर्नची कटकट मागे लावून घेऊ नका. तिकडच्या नियमित दहा-पंधरा ऑर्डरी दिसायला लागल्या की मग विचार करा.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) मात्र आजच करा, ती ऑनलाइन आणि फुकट आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात, २००६ चा आहे, छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. ढाबेवाल्याला कायदा दाखवायची वेळ येऊ नये हे बरं, पण बिलावर उद्यम नंबर असला की बोलण्यात फरक पडतो.

विजेचं कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. घराच्या एका भागात छोटा धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, वर्षाला ३६०० च्या आत असेल तर महावितरणचा घरगुती दरच लागतो. मोठी चक्की किंवा कांडप मशीन बसवायच्या आधी हे लक्षात ठेवा.

पुण्यातला_सोलापूरकर:

मी विकत घेणाऱ्यांच्या बाजूनं बोलतो. कोथरूडला राहतो, दर महिन्याला कुठूनतरी भाकरी मागवतो. ८ आहे का १० आहे याचा मी कधी विचार पण केला नाही, खोटं कशाला बोलू. मला राग कशाचा येतो तर पार्सल उघडल्यावर खालच्या सहा भाकरींचा भुगा झालेला असतो याचा, आणि चटणीला खवट वास येतो याचा. पुट्ठ्याच्या चौकोनी खोक्यात गोल भाकरी घातली की कडा हलतातच, त्यात कुरिअरवाले खोकं आपटतात. एकीकडनं मागवतो ती बाई भाकरीच्या मापाचा गोल प्लास्टिकचा डबा वापरते, दहा भाकरी, खाली-वर कागद, डबा भरला नाही तर वर कागदाचा बोळा. डब्याचे २५ वेगळे लावते, मी आनंदानं देतो आणि डबे धुऊन घरात वापरतो. तारीख लिहा फक्त, हातानं लिहिली तरी चालेल.

जुळेसोलापूरची_भाकरी:

काकू, तुमचा हिशोब रात्री सासूबाईंसमोर वाचून दाखवला, त्या म्हणाल्या मी हेच सांगत होते (कधी सांगितलं ते देवालाच माहीत). कोठी खरंच एकच आहे, आजच वेगळी पिंप आणली. ढाबेवाल्याला फोन केला, तो म्हणाला 'वहिनी असं काय करता', मी म्हटलं भाऊ ९ रुपये आणि दर शनिवारी हिशोब. बघू सांगतो म्हणाला. नाही जमलं तर नाही, मावशींना पुण्याच्या ऑर्डरी पुरतील एवढं काम आहे. गाळ्याचं मिस्टरांना तुमचं सगळं वाचायला दिलंय, गप आहेत.

हैदराबादच्या बाईंचा भाचा रेल्वेत आहे म्हणे, तो येऊन नेईल.

चटणी खवट होण्याचं कोणी सांगेल का? उन्हाळ्यात माझ्याकडं पण दोन-तीन तक्रारी आल्या होत्या. आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल लावावा का, होम मैदानावर?

चटणीवाली_काकू:

खवट होते ती दाण्याच्या तेलानं. हवा, ऊन आणि ओल लागली की तेल बिघडतं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वर, पाऊचमधनं तेल बाहेर येतं. दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजायचे, एक दाणा मोडून बघायचा, मधोमध पांढरट राहिला असेल तर भाजणं अर्धवट आहे. लसूण सोलून पंख्याखाली पसरून ठेवायचा, ओला लसूण कधी घालायचा नाही. आणि कांडल्यावर चटणी गरम असते गं, ती लगेच पाऊचमध्ये भरलीस की आतून वाफ धरते, बारीक थेंब दिसतात बघ उजेडात धरलं की. परातीत पसर, झाकून रात्रभर ठेव, सकाळी भर आणि हवा दाबून काढून सील कर. उन्हाळ्यात एका वेळी थोडीच कर, आणि लेबलवर महिन्याच्या वर मुदत टाकू नको. जास्त मुदत लिहायची असेल तर एखाद्या लॅबमधून तपासून घे.

गड्ड्यात गर्दी तुफान असते पण तिथं लोक पाळण्यात बसायला आणि भजी खायला येतात, भाकरी बांधून न्यायला नाही. स्टॉलचं भाडं निघेल का ते आधी बघ. त्यापेक्षा भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकरी कर, आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर टाक, ॲडव्हान्स घेऊनच ऑर्डर लिही. वेळ अमावस्येच्या सणाला पण तसंच. पण त्या आठवड्यात मावशींचं पण घर असतं, सण असतो, मजुरी वाढवून दे आणि ती आधीच रेटमध्ये धर.

यंत्रमाग_नव्हे_शिलाई:

अक्का ते भोगीच्या भाकरीचं नक्की करा. आमच्या पण पन्नास लिहून घ्या, रेट नवाच लावा.