थिबा राजवाड्यातलं संग्रहालय आधी कुणाचं, राजाचं की रत्नागिरीचं?

भाट्येकर: पाहुणे आले की आपण त्यांना थिबा राजवाड्यात नेतो आणि ते ब्रह्मदेशच्या राजाची गोष्ट ऐकून परत जातात. माझं मत स्पष्ट आहे, गावच्या संग्रहालयात पहिला मान गावाचा. इंग्रजांनी १८८५ मध्ये थिबाचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. पण पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्यांचं काय? होडी जाळं सोडत अर्धगोल वळसा घेते, किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं दोर खेचतात, मग वाळूतच मासळीचे वाटे पडतात. किती जणांनी आता हे पाहिलंय? ट्रॉलर आणि पर्ससीनच्या यांत्रिक मासेमारीपुढे रापण टिकणं कठीण झालंय. आधी हे मांडा.

शिरगावची माई: अजिबात पटलं नाही. तीस वर्षं इथे राहिलेला, १९१६ मध्ये इथेच वारलेला माणूस परका कसा? त्याची समाधी याच गावात आहे. थोरल्या राजकन्येची लेक टुटू इथेच वाढली, इथल्याच माणसाशी लग्न करून मराठीत संसार केला. ही रत्नागिरीचीच गोष्ट नाही का? इंग्रजांनी तसाच हद्दपार केलेला शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर, त्याची कबर रंगूनमध्ये आहे, तिथले लोक ती श्रद्धेने जपतात. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर येऊन गेले. त्यांना तिचं मोल कळतं, आपल्याला नको कळायला?

सड्यावरचा: तुम्ही दोघंही समुद्राकडेच बघताय. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. गावचा इतिहास सांगायचा तर सुरुवात तिथून व्हावी.

भाट्येकर: माई, समाधी जपावीच, त्याबद्दल दुमत नाही. पण राजाचे कागद इंग्रजांच्या दप्तरात आहेत, त्याच्यावर लिहिणारे पुढेही येतील. रापणकराने काही लिहून ठेवलेलं नाही. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, गेला की त्याच्या खुणा, वाऱ्याची नावं, सगळं त्याच्याबरोबर जातं. कातळशिल्पं तर कातळातच आहेत, ती थांबतील.

शिरगावची माई: मग जुन्या तांडेलांकडे आत्ताच बसा, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. त्यासाठी राजाला मागे सारायची गरज नाही. आणि वाडा त्याच्यासाठी बांधलेला, १९१० पासून तो तिथे राहिला. त्याच्याच घरात त्याला दुसरा नंबर देणं मला मान्य नाही.