वसंतातल्या पक्षी-फेऱ्या, यंदा फक्त मोठ्यांसाठी

विषय: वसंतातल्या पक्षी-फेऱ्या, नावनोंदणी

नमस्कार मंडळी,

गेल्या मे महिन्यातली पक्षी-फेरी बऱ्याच जणांना आठवत असेल. चाळीस जण आलो होतो. पायवाट अरुंद, रांग लांब, आणि पुढच्याने दाखवलेल्या पक्ष्याचा निरोप मागच्यापर्यंत पोहोचेस्तोवर पक्षी उडालेला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आदल्या रात्री दक्षिणेचा वारा होता, पहाटे पावसाची सर येऊन गेली होती आणि ओकची झाडं उत्तरेकडे निघालेल्या वॉर्ब्लर या चिमुकल्या पक्ष्यांनी गजबजली होती. अशा सकाळी इथे अमेरिकेत अख्ख्या वसंतात दोन-तीनच मिळतात. चूक माझी होती, नावनोंदणीला मर्यादा मी घालायला हवी होती.

यंदा म्हणून चार छोट्या फेऱ्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीला दहाच जण. पहिली मार्चच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी, वुडकॉक या पक्ष्यासाठी. दुसरीची तारीख आत्ता सांगता येणार नाही. पहिल्या उबदार पावसाच्या रात्री ठिपकेवाले सॅलॅमँडर, म्हणजे सरड्यासारखे दिसणारे उभयचर, जमिनीखालून निघून जंगलातल्या डबक्यांकडे चालत जातात, ते बघायचंय. त्या दिवशी दुपारी मेल येईल, ज्यांना जमेल त्यांनी बॅटरी घेऊन निघायचं. तिसरी मेच्या पहिल्या रविवारी पहाटे. चौथी मेच्या दुसऱ्या शनिवारी. तो जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो, त्यामुळे त्या दिवशीची आपली मोजणी ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायची आहे.

पहाटे साडेसहाला का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. वॉर्ब्लरांसारखे हे चिमुकले पक्षी प्रवास रात्री करतात. रात्री हवा गार आणि शांत असते, ससाणे मागे लागत नाहीत, ताऱ्यांवरून दिशा धरता येते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. रात्रभर उडून ते उजाडताना खाली उतरतात तेव्हा भुकेने कासावीस असतात. पहिले दोन-तीन तास ते अळ्यांच्या मागे इतके गुंग असतात की आपल्याकडे त्यांचं लक्षच नसतं. दहा वाजता आलात तर तीच झाडं असतील, पण शांत.

दुर्बीण नसेल तर घाईने विकत घेऊ नका, मंडळाकडे पाच आहेत. घ्यायचीच असेल तर ८×४२ घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०× मध्ये पक्षी मोठा दिसतो खरा, पण हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि नजरेचा टापू लहान होतो. झुडपात उड्या मारणारा वॉर्ब्लर शोधताना टापूच कामाला येतो.

– फेऱ्यांची समन्वयक

उत्तर: मुलं का नाहीत?

ताई,

कार्यक्रम छान आहे, पण मुलांना वगळलंत ते पटलं नाही. निसर्गाची गोडी लहानपणीच लागते ना? आमची दोघं तर हट्ट धरून बसली आहेत.

– दोन मुलांचा बाबा

उत्तर: मुलं का नाहीत?

दादा,

मुलांसाठी जूनमध्ये वेगळी फेरी आहेच, तुमच्या दोघांची नावं आत्ताच लिहून ठेवते. पण मुलं बरोबर असली की आपण त्यांच्याकडे बघतो, झाडाकडे नाही. त्यांना दाखवायचं, समजवायचं, सांभाळायचं. मुलाला खारूताई दिसली म्हणून आपण आनंदतो, पण स्वतः कधी पंधरा मिनिटं एका फांदीकडे टक लावून बघितलंय, असं आठवून सांगा. मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितलं. तोवर मला सगळ्या चिमण्या सारख्याच वाटायच्या. कामाच्या ठिकाणी सगळं येणारी माणसं म्हणून आपण वावरतो. काहीच न येणं आणि ते हळूहळू येत जाणं, हे मोठेपणी पुन्हा वाट्याला येत नाही. ते मला इथे मिळालं आणि तुम्हालाही मिळावं असं फार वाटतं.

पहिल्या फेरीला एकटे या. नंतर भांडा.

– समन्वयक

उत्तर: ऐकू कमी येत असेल तर?

सौ. समन्वयक यांस,

माझं वय ७३. मागच्या वसंतात सुनेबरोबर तळ्याकाठी गेलो होतो. तिच्या फोनवर मर्लिन हे आवाजावरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप चालू होतं आणि पडद्यावर ब्लॅकपोल वॉर्ब्लरचं नाव पुन्हा पुन्हा पिवळं होत होतं. ती म्हणाली, "बाबा, किती जवळून ओरडतोय!" मला पानांची सळसळ येत होती, लांबच्या रस्त्याचा आवाज येत होता. त्या पक्ष्याचं मात्र काही म्हणजे काही नाही. मी बराच वेळ उभा राहिलो. तो पक्षी माझ्यासाठी नव्हताच असं वाटलं.

नंतर कानांची तपासणी करून घेतली. वरच्या पट्टीतलं ऐकणं बरंच गेलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले की हे इतकं हळूहळू होतं की घरच्यांच्याही ध्यानात येत नाही. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. ब्लॅकपोलचा आवाज ८,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर जातो, त्यामुळे तो अजून नेहमी येतो असं नाही. पण रॉबिन, कार्डिनल, लाल खांद्याचा ब्लॅकबर्ड हे सगळे स्पष्ट येतात.

त्या दिवसानंतर मी ब्लॅकपोलबद्दल मिळेल ते वाचलं. जेमतेम १२ ग्रॅमचा जीव. शरदात उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून निघतो आणि अटलांटिकवरून दोन-तीन दिवस कुठेही न टेकता कॅरिबियन बेटं गाठतो. पाठीवर बांधलेल्या इवल्याशा यंत्रांमुळे २०१५ साली हे पक्कं झालं. मे महिन्यात सगळ्यात शेवटी येणाऱ्यांपैकी तो. यंदा निदान डोळ्यांनी तरी बघायचाय.

माझ्यामुळे गट अडणार नसेल तर मला तिसऱ्या फेरीत घ्यावं.

– एक ज्येष्ठ सभासद

उत्तर: ऐकू कमी येत असेल तर?

काका,

तुमचं नाव तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्हींत घातलंय. ब्लॅकपोल मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जास्त असतात, तेव्हा तुम्ही, मी आणि तुमची सूनबाई असे तिघंच आणखी एकदा जाऊ.

तुमची मेल वाचून ठरवलं की प्रत्येक फेरीत जोड्या करायच्या, एक कानांनी पक्का, एक डोळ्यांनी. मला स्वतःला ऐकू येतं, पण हलणारं पान आणि हललेला पक्षी यांतला फरक मला उशिरा कळतो. ज्यांना आवाज येत नाहीत, त्यांची नजर हालचालीवर आधी जाते, हे मी अनेकदा पाहिलंय.

मर्लिनबद्दल सगळ्यांसाठी एक सांगते. ते जरूर वापरा, मीही वापरते. पण ते फक्त सुचवतं. मॉकिंगबर्ड दुसऱ्यांच्या नकला करतो, ब्लू जे ससाण्यासारखा ओरडतो आणि पडद्यावर भलतंच नाव येतं. फोनला ऐकू आलं म्हणून ई-बर्डवर नोंद करायची नाही. तुम्ही ऐकलंत किंवा पाहिलंत, तरच करायची.

– समन्वयक

उत्तर: आवाज लक्षात कसे ठेवायचे?

अगं, पक्ष्यांचे आवाज लक्षात ठेवायच्या तुमच्या त्या इंग्रजी ओळी माझ्या काही डोक्यात राहत नाहीत. ओव्हनबर्ड म्हणे 'टीचर, टीचर' म्हणतो. पावशाला 'पेरते व्हा' म्हणायला लावणारी माणसं आपण, मग इथल्या पाखरांना आपली भाषा का नको? मी वहीत लिहायला लागलेय. ओव्हनबर्ड: "ये रे, ये रे, ये रे, ये रे", प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने, अगदी अंगावर येईपर्यंत. चिकॅडीची शीळ, पहिला सूर वर आणि दुसरा खाली: "कोण गं?" आणि बार्ड आउल रात्री दोनदा विचारतं: "कोण रे तिथं? कोण रे तिथंऽऽ?" शेवटचा सूर घरंगळत खाली येतो, तो तसाच म्हणायचा. एकदा मोठ्याने म्हणून बघा, विसरणार नाही.

रॉबिनचं मात्र मला सुचत नाहीये. तो थांबत थांबत किती वेळ बोलतो! आणि हो, त्याला दयाळ म्हणू नका कोणी. इंग्रजी नावात दोघांच्याही रॉबिन आहे, पण हा आपल्या कस्तुराच्या कुळातला. वॉर्ब्लरांचंही तेच, आपल्या वटवट्यांशी त्यांचं नातं नाही.

– काकू

उत्तर: फोटोसाठी एक विनंती

मला चौथ्या फेरीला यायचंय. माझ्याकडे मोठी लेन्स आहे आणि सगळ्या पक्ष्यांचे आवाज फोनमध्ये आहेत. लावले की नर दोन मिनिटांत समोर येतो. सगळ्यांना नीट बघता येईल. तसंच गेल्या वर्षी घुबडाचं घरटं कुठे होतं ते इथेच कळवलंत तर बरं होईल.

उत्तर: फोटोसाठी एक विनंती

तुम्ही जरूर या आणि लेन्सही आणा. आवाज लावता येणार नाहीत, आणि त्याचं कारण तुम्हाला पटावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो नर समोर येतो तो शेजारी दुसरा नर घुसला असं समजून. खाणं सोडून, मादीजवळची राखण सोडून तो भांडायला येतो आणि भांडायला कोणीच नसतं. आपण गेल्यावर दुसरा गट येतो आणि पुन्हा तेच. १० ग्रॅम वजनाच्या, शेकडो मैल उडून आलेल्या जिवाला ही दगदग परवडत नाही. आवाज लावण्याला आवर घाला, असं अमेरिकन बर्डिंग असोसिएशनची आचारसंहिताही सांगते. आपण मंडळाच्या फेऱ्यांत ते पूर्ण बंदच ठेवतो.

घुबडाच्या घरट्याची जागा या मेल-यादीवर येणार नाही. मेल पुढे जाते, मग गर्दी जाते.

मला हे इतकं मनाला का लागतं, तर १९७० पासून अमेरिका आणि कॅनडा मिळून जवळपास ३०० कोटी पक्षी कमी झाले, हे २०१९ साली मोजून समोर आलं. चारांतला एकाहून जास्त. काही दुर्मीळ झाले असं नव्हे, आपल्या अंगणातल्या नेहमीच्या चिमण्या आणि ब्लॅकबर्ड कमी झाले. घरी करण्यासारखं एक काम आहे. मोठ्या काचांवर बाहेरच्या बाजूने दर दोन इंचांवर ठिपके चिकटवा आणि एप्रिल-मेमध्ये रात्री बाहेरचे दिवे बंद ठेवा. काचेवर आपटून अमेरिकेत वर्षाला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात असा २०१४ चा अंदाज आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एकदा ओव्हनबर्ड सापडला होता. डोक्यावरचा नारिंगी पट्टा इतका ठळक होता! मी त्याच संध्याकाळी ठिपके लावले.

– समन्वयक

उत्तर: चालणं कमी जमतं

आईंना वॉकर लागतो. त्यांना पक्ष्यांची फार हौस, पण पायवाट जमणार नाही. काही करता येईल?

उत्तर: चालणं कमी जमतं

वहिनी,

तिसऱ्या फेरीची जागा मी त्यासाठीच बदलते आहे. तळ्याकाठची फळ्यांची वाट सपाट आहे, कठडा आहे आणि दर थोड्या अंतरावर बाक आहेत. खरं सांगायचं तर मे महिन्यात चालणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याला जास्त दिसतं. त्यांना पाण्याकडे झुकलेल्या विलोसमोरच्या बाकावर बसवू, पिवळे वॉर्ब्लर तिथे हमखास येतात. मान वर करून दुखते, त्यामुळे डोळ्यांच्या उंचीवरची झाडं केव्हाही बरी.

सगळ्यांनी मोजे पँटवर ओढायचे आणि फिकट कपडे घालायचे. मेमध्ये गोचिडांची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. लाइम रोग पसरायला गोचीड साधारणपणे चोवीस तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच दिवशी काढली की बहुधा निभावतं.

– समन्वयक

विषय: शनिवारची संध्याकाळ

मंडळी,

मुलांना घरी ठेवून गेलो होतो. पहिल्यांदाच मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना माझ्या हातात काहीच नव्हतं, डबे नाहीत, खुर्च्या नाहीत.

सूर्य मावळून वीस मिनिटं झाली असतील. ताईंनी आम्हाला झुडपांच्या कडेला उभं केलं आणि सांगितलं की बोलायचं नाही, बॅटरी लावायची नाही. डबक्यातले बेडूक इतके ओरडत होते की कानात घुमत होतं. मग समोरच्या मोकळ्या गवतातून 'पींट' असा आवाज आला. नाकातून काढल्यासारखा, एखाद्या किड्याचा वाटावा असा. काही सेकंदांनी पुन्हा. पुन्हा. मला वाटलं, एवढंच?

आणि तो उडाला. वुडकॉक, पाणलाव्याच्या कुळातला, लांब चोचीचा, गुबगुबीत पक्षी. उजेड उरला होता त्या पश्चिमेच्या पट्ट्यावर तो गोल गोल वर चढत गेला. पंखांची किणकिण वाढत गेली. ती गळ्यातली नाही, पंखांच्या टोकाच्या तीन निमुळत्या पिसांतून निघते, हे ताईंनी नंतर सांगितलं. शंभर मीटर तरी वर गेला असेल, मला तो दिसेनासा झाला. मग वरून थेंब पडावेत तशी शीळ येऊ लागली आणि तो हेलकावत, नागमोडी खाली आला. निघाला होता त्याच जागी, आमच्यापासून बारा-पंधरा पावलांवर उतरला. 'पींट'.

अकरा वेळा उडाला. मी मोजत होतो. शेवटी अंधारात फक्त आवाज उरला तरी कोणी हललं नाही. काकांनी माझा दंड धरला होता आणि दर वेळी तो वर गेला की दाबत होते. त्यांना किणकिण ऐकू येत होती.

ताई, भांडायचं राहिलं. तिसऱ्या फेरीला जागा आहे का?

– दोन मुलांचा बाबा

उत्तर: शनिवारची संध्याकाळ

दादा, तिसरी भरली आहे, प्रतीक्षेत पहिलं नाव तुमचं. दुसरीला मात्र चार जागा आहेत. बुधवारी रात्री पाऊस दिसतोय आणि हवा दहा अंशांच्या वर जाणार आहे. रबरी बूट काढून ठेवा, दुपारी तीनपर्यंत कळवते.

– समन्वयक