नुसतं कपाट ठेवून भागत नाही

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेतल्या वाचनालयांनी स्पॅनिश पुस्तकांचं एक कपाट ठेवलं की त्यांचं काम संपलं, लोक फिरकत नसतील तर वाचनालय काय करणार? नाही पटलं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत १९२१ साली पुरा बेलप्रे हार्लेमच्या शाखेत लागल्या, तिथल्या पहिल्या पोर्तो रिकन (म्हणजे पोर्तो रिको या स्पॅनिश बोलणाऱ्या बेटावरच्या) ग्रंथपाल. पुढे ११५व्या रस्त्यावरच्या शाखेत त्या इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत मुलांना गोष्टी सांगायच्या, बाहुल्या नाचवायच्या. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण, म्हणजे स्पॅनिश भाषकांचा नाताळानंतरचा ख्रिस्ती सण, तोसुद्धा वाचनालयातच! शिवाय स्वतः वस्तीत जाऊन लोकांशी बोलायच्या. मग माणसं येणारच की.

खरेदीचंही तेच. स्पेनमधल्या माद्रिदचं पुस्तक मेक्सिकन आजीला परकं वाटू शकतं, म्हणून अमेरिकन ग्रंथपाल मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या पुस्तक जत्रेला जातात, त्यासाठी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन मदतही देते. १९७१ साली स्थापन झालेली 'रिफॉर्मा' ही संघटना तर स्पॅनिश भाषकांना वाचनालयाची सेवा मिळावी याच कामाला वाहिलेली आहे.

आणि हो, वाचनालयाच्या कार्डासाठी कुठली कागदपत्रं लागतात ते दारावरच स्पॅनिशमध्ये लिहावं. कागदपत्रांच्या धास्तीनेच कितीतरी जण आत पाऊल टाकत नाहीत.