संडेस्कूलचा तक्ता: योसेफ तुरुंगात किती वर्षे होता?

ताई: जय ख्रिस्त सगळ्यांना. रविवारी बायबलमधल्या योसेफाचा धडा घ्यायचाय, भावांनी विकलेला, मिसरात आधी गुलाम आणि मग कैदी झालेला. तक्त्यावर '13 वर्षे तुरुंगवास' लिहू ना?

मोठे काका: नको गं, तिथेच चुकतं. 13 वर्षांत गुलामीही आली. उत्पत्ती 37:2 ला तो 17 वर्षांचा, 41:46 ला फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा 30 चा. त्याला गुलाम म्हणून विकत घेणाऱ्या पोटीफरच्या घरी किती वर्षे गेली ते शास्त्रात दिलेलं नाही. तुरुंगातली मोजून दिलेली 'पुरी दोन वर्षे' 41:1 मध्ये आहेत, तीही त्याच्यासोबत कैदेत असलेला प्यालेबरदार (फारोच्या हाती पेला देणारा सेवक) सुटून गेल्यानंतरची.

आत्या: आणि 40:14-15 गाळू नकोस. योसेफ निमूट सोसत राहिला असंच मुलांना शिकवतात, याचं मला फार वाईट वाटतं. निमूट कुठे होता? प्यालेबरदाराला म्हणाला, माझी आठवण ठेवा, फारोकडे माझी गोष्ट काढा. मला इब्र्यांच्या देशातून चोरून आणलं, इथंही मी काही केलेलं नाही. त्यानं दाद मागितली, म्हणून विश्वास उणा ठरत नाही.

मोठे काका: त्याच 15 व्या वचनात अंधारकोठडीसाठी हिब्रू शब्द आहे 'बोर'. भावांनी ज्या कोरड्या खड्ड्यात टाकलं (37:24), त्यालाही 'बोर'च. मराठीत शब्द वेगळे पडले, त्यामुळे लक्षात येत नाही. खड्ड्याचं एकच चित्र दोनदा लाव.

धाकटा: ताई, कपड्यांचंही घे. भावांनी झगा काढून घेतला. 39:12 ला पोटीफरच्या बायकोच्या हाती वस्त्र राहिलं, तेच त्याला तुरुंगात टाकायला खोटा पुरावा झालं. 41:14 ला मुंडण करून, कपडे बदलून तो फारोकडे गेला.

ताई: छान. खड्ड्यावरून आठवलं, यिर्मया संदेष्टाही घेऊ का?

आत्या: वेळ उरला तर यिर्मयाच्या पुस्तकातला अध्याय 38 घे. त्याला मल्कीयाच्या विहिरीत टाकलं होतं. तिच्यात पाणी नव्हतं, नुसता चिखल. यिर्मया त्यात रुतला. राजवाड्यातला कूशी (कूश देशाचा) सेवक एबद-मलेख थेट राजाकडे गेला, हुकूम मिळवला, 30 माणसं घेऊन आला. आधी दोरांनी जुन्या चिंध्या खाली सोडल्या आणि त्या काखेत, दोराखाली धरायला सांगितल्या. रुतलेल्या माणसाला नुसत्या दोरानं ओढलं तर काखा सोलवटतात. दोर आणि फडकी घेऊनच जा, मुलांना करून दाखव.

मोठे काका: फक्त 'सुटका झाली' लिहू नकोस. विहिरीतून वर आला, तरी यरुशलेम पडेपर्यंत पहारेकऱ्यांच्या चौकातच होता (38:28).