अनुभव धागा: गावातल्या जुन्या थेटरात पाहिलेलं नाटक

रंकाळ्याकाठची
परवा पुण्यात एका नव्या चकचकीत सभागृहात नाटक बघितलं. एसी, मऊ खुर्च्या, सगळं छान. पण प्रत्येक नटाच्या गालाला माईक चिकटवलेला. नायक-नायिका जवळ आले की स्पीकरमधून खर्रर्र! शेजारचे काका म्हणाले, "दाढी करून यायला हवं होतं त्याने." त्यानंतर माझं नाटकात लक्षच लागेना, डोक्यात कोल्हापूर सुरू झालं.

आमचं थेटर म्हणजे कोल्हापूरचं, गायक-नट केशवराव भोसल्यांच्या नावाचं केशवराव भोसले नाट्यगृह. नाव १९५७ सालीच बदललं, पण आजी शेवटपर्यंत 'पॅलेस थेटर'च म्हणायची. शाहू महाराजांनी १९१३ ला काम काढलं आणि १९१५ ला पुरं केलं. एवढं मोठं सभागृह, पण मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे कुठंही बसा, मान वाकडी करावी लागायची नाही. रंगमंचाखाली पाणी साठवलंय म्हणून आवाज घुमतो, असं आजोबा छातीठोकपणे सांगायचे. शेवटच्या रांगेत बसून कुजबुज ऐकू आली की मला ते पटायचं.

बाबा बँकेत होते. बँकेचा ग्रुप राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचा. एका वर्षी बाबांना हवालदाराचं काम मिळालं, वाक्यं दोन, दोन्ही प्रेक्षकांकडे पाठ करून. पडदा वर गेला तशी आजी भर सभागृहात, माईकबिईक नसताना, "अगं बाई, आमच्या बाळूची पाठ बघ!" परीक्षकांनीही वळून बघितलं. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. बाबा घरी येईपर्यंत आजीशी बोलले नाहीत, घरी आल्यावर मात्र "पाठ ओळखलीस बरी," म्हणून दोघं हसत सुटले.

२०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री भावानं थेटराला लागलेल्या आगीचा व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्याबद्दल सगळ्यांचं लिहून झालंय, मी लिहीत नाही. तुम्ही तुमच्या थेटरातलं सांगा. रडगाणी नकोत, ढेकूण चालतील.

कृष्णाकाठचा
ढेकूण म्हणालात म्हणून लॉगिन केलं. थेटराचं नाव सांगणार नाही, अजून सुरू आहे. वेताच्या खुर्च्या, संगीत नाटक, दुसरा अंक. पहिल्या तीन रांगा एकेक करून उभ्या राहिल्या. गाणाऱ्या बुवांना वाटलं, लोक दाद द्यायला उठले. त्यांनी तीच तान पुन्हा घेतली. मग आम्हाला बसताही येईना आणि टाळ्या न वाजवताही राहवेना.

आठल्ये वहिनी
😂😂 कुकर लावून येते, मग लिहिते.

चर्नीरोड पूर्व
आमचं साहित्य संघ मंदिर, गिरगाव, १९६४ चं. पुढच्या रांगेत बसलं तर नटाच्या मोजड्यांची शिवण उसवलेली दिसते एवढं जवळ. मावशी तिकीट काढायला स्वतः खिडकीवर जायची. फोनवर बुकिंग सुरू झाल्यावरही जायची, कारण तिला प्लॅन बघायचा असे. तो कागद आठवतो का कुणाला? खुर्च्यांचे चौकोन आणि गेलेल्या जागांवर रंगीत पेन्सिलीची फुली. मावशी तो उलटा वाचायची, खिडकीपलीकडून! "ती 'सी'मधली कडेची दे, अजून गेलेली नाहीये." बुकिंगवाले वैतागायचे आणि द्यायचे.

तोटा एवढाच की तिला सगळे संवाद पाठ. नटाच्या अर्धा सेकंद आधी म्हणायची. एकदा नट अडखळला आणि मावशीचं वाक्य ऐकून पुढे गेला, अशी घरातली दंतकथा आहे. माझा विश्वास आहे. आईचा नाही.

खासबाग पैलवान (वजन ५८ किलो)
ताई, नाद खुळा आठवण काढली! थेटराच्या मागच्या भिंतीपलीकडं कुस्त्यांचं खासबाग मैदान, सगळ्यांना ठाऊक आहेच. एकदा आतमध्ये म्हातारा बाप मरायला टेकलेला, सगळं थेटर नाक ओढतंय, आणि मैदानात कुस्ती निकाली निघाली. हलगी, शिट्ट्या, आरडाओरडा. स्टेजवरचा बाप डोळे मिटून पडलाय आणि त्याचा पाय हलगीवर ठेका धरतोय. मी बघितलंय. चादरीखाली पाय हलत होता.
बाकी नाटक कुठलं ते इचारू नका, आम्ही इंटरव्हलच्या भेळीसाठी जायचो.

आठल्ये वहिनी
खासबागेतली भेळ! तिखट चटणी कोरडी की ओली?

खासबाग पैलवान (वजन ५८ किलो)
वहिनी, दोन्ही. हा प्रश्न झाला का.

जुनी_कात्रणं
केशवराव आणि बालगंधर्वांचं संयुक्त 'मानापमान' याच थेटरात झालं होतं ना? आमच्याकडे तसं सांगतात.

चर्नीरोड पूर्व
नाही हो, ते मुंबईत. ८ जुलै १९२१, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय ३१ फक्त. ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली तेव्हा १७ वर्षांचे होते, १९०८ ला, हुबळीत. आमच्या घरी मुलगा ३१ चा आहे आणि गिझर लावायला विसरतो.

लालबागचो झिल
माका दामोदर हॉल आठवता, परळचो. १९२२ चो. गिरण्यांचे भोंगे होते तेव्हा आमची अख्खी चाळ दशावताराक जायची. नंतरची गोष्ट मराठीत लिहितो, नाहीतर बायको म्हणेल फक्त भांडताना आणि नाटकाचं लिहिताना मालवणी सुचते.
मी पाच-सहा वर्षांचा. दशावतारातला राक्षस संकासूर काळे कपडे, लाल जीभ काढून स्टेजवरून खाली उतरला आणि नेमका आमच्या रांगेत. मी आवशीच्या पदरात. त्याने वाकून मला विचारलं, "खंयचो रे तू?" मी रडत रडत गावाचं नाव सांगितलं. तो जीभ आत घेऊन म्हणाला, "मरे! शेजारच्या वाडीतलो मी." मग आई आणि संकासूर यांची दोन मिनिटं चौकशी: अमक्याचं लग्न झालं का, तमक्याची म्हैस व्याली का. मागचे लोक ओरडले तेव्हा तो परत राक्षस झाला.
२०२३ ला पुनर्बांधणीसाठी बंद झालाय हॉल. नवीन होईल तेव्हा बघू.

रंकाळ्याकाठची
म्हैस व्याली का 😂 चहा सांडला माझा.

वडसा लाईन
आमच्याकडे इमारतच नाही, चालेल का? झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया.

रंकाळ्याकाठची
पळेल! लिहा ना.

वडसा लाईन
धान निघालं की आमचा सीझन. दिवाळीनंतर सुरू, होळीपर्यंत. कंपन्यांची ऑफिसं देसाईगंज म्हणजे वडश्याला, गावची मंडळं तिथं येऊन नाटक ठरवतात. जमीन उतरती खोदून बसायची जागा करतात, कापडी कनाती लावल्या की झालं थेटर. रात्री दहाच्या पुढं पडदा वर आणि सकाळी झुंजुमुंजू झालं की घरी. मध्ये लावणी पाहिजेच, कथेत बाप मेला असला तरी.

शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असल्या की गावात पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक घरात पाहुणे. आमची आई म्हणते, नाटकाले चार लोक जातेत अन् दहा लोक पोरी पाहाले जातेत. माझ्या मोठ्या बहिणीचं असंच जुळलं. बोलणी तिसऱ्या अंकात सुरू, भैरवीला पक्की. दाजीले आजही नाटकाची गोष्ट सांगता येत नाही.

पुण्या-मुंबईत सांगितलं की लोक म्हणत 'ते तंबूतलं का', आणि विषय संपायचा. २०२३ ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हापासून थोडं ऐकून घेतात. ऐकून घेण्यापेक्षा येऊन बघा. रात्री दोनला कडाक्याच्या थंडीत चार-पाच हजार माणूस एका जोकराच्या वाक्यावर हसतो तेव्हा कनात हलते.

कृष्णाकाठचा
ही लावणीची अट सांगलीत चालली नसती. पाच नोव्हेंबरला विष्णुदास भावे पदकाच्या कार्यक्रमाला भाषणं ऐकायला सुद्धा लोक इस्त्री करून येतात आमच्याकडे. भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं, त्या १८४३ पासूनची सवय.

वडसा लाईन
म्हणूनच थंडी वाजते तुम्हाला.

खासबाग पैलवान (वजन ५८ किलो)
😂 दादा एक नंबर.

आठल्ये वहिनी
आले. भाजी करपली पण सगळं वाचलं. माझा अनुभव उद्या, जरा मोठा आहे, त्यात सासूबाई आणि ऑर्गनवाले आहेत. पण वडसा लाईन, खरंच यायचं असेल तर कधी यावं? आम्ही नागपूरला जानेवारीत भाचीच्या लग्नाला आहोत.

वडसा लाईन
जानेवारी म्हणजे ऐन सीझन वहिनी. वडश्याला रेल्वे स्टेशन आहे, गोंदिया–बल्लारशा लाईनवर. लग्नाची तारीख कळवा, त्या आठवड्यात कुठल्या गावात चांगलं नाटक लागलंय ते पाहून ठेवतो. जेवण आमच्याकडे. स्वेटर, मफलर आणा. खुर्चीचं तिकीट काढू नका, खाली चटईवर मजा आहे.

आठल्ये वहिनी
यांना गुडघे आहेत. एक खुर्ची, एक चटई.