शब्दचर्चा : ‘साय’ की ‘तवंग’, ‘विलय’ की ‘संमीलन’?

प्रश्न : माझी नात येथे बडोद्यात गुजराती माध्यमात शिकते. तिच्या पुस्तकात पेशीभोवतीच्या पातळ आवरणासाठी ‘कोषरसपटल’ असा शब्द आहे, तर महाराष्ट्रातील पुस्तकांत ‘प्रद्रव्यपटल’. लिपिडांचा (पटल ज्यांचे बनते त्या तेलकट रेणूंचा) थर पाण्यावर पसरतो त्याला मी ‘साय’ म्हणालो आणि दोन पटले जुळून एक होतात त्याला ‘विलय’. हे शब्द योग्य आहेत काय?

उत्तर : ‘पटल’ दोन्ही भाषांत रुळलेला आहे, तो तसाच ठेवावा. आपले दोन्ही शब्द मात्र मला अडचणीचे वाटतात. साय दुधातल्या प्रथिनांनी बांधलेली असते. ती फाटली की फाटलेलीच राहते. पाण्यावरचा लिपिडांचा थर सहसा प्रवाही असतो, त्यामुळे त्याला भोक पडले तरी शेजारचे रेणू सरकून ती जागा भरून काढतात. रश्श्यावरचे तेलही असेच पुन्हा जुळून येते, आणि त्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात ‘तवंग’ हा नेमका शब्द आहे. रश्श्यावरचा तवंग पुष्कळ जाड असतो, म्हणून येथे ‘एकपदरी तवंग’ म्हणावे : रेणूंची पाणी मानणारी डोकी पाण्यात, तेलकट शेपट्या हवेत, आणि जाडी एकाच रेणूची.

पोळीला पदर सुटतात त्या अर्थाचा हा ‘पदर’ मला फार उपयोगी वाटतो. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेन्डेल या डच शास्त्रज्ञांनी तांबड्या रक्तपेशींतील लिपिडे वेगळी काढून पाण्यावर पसरली, तेव्हा त्या तवंगाचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. त्यावरून त्यांनी पेशीचे पटल दुपदरी असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांच्या मोजमापात त्रुटी होत्या, परंतु निष्कर्ष टिकला.

‘विलय’ म्हटले की मीठ पाण्यात विरघळल्याचा भास होतो. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणजे एकाचे वेगळे अस्तित्व दुसऱ्यात संपले. दोन पटले जुळताना तसे घडत नाही. दोन्ही मिळून एक सलग पटल होते. दोन अणुकेंद्रके जुळून एक होतात त्यासाठी मराठीत ‘संमीलन’ रूढ आहेच, तोच शब्द येथे घ्यावा. त्याचे टप्पेही पदरांच्या भाषेत सांगता येतात : आधी समोरासमोरचे बाहेरचे पदर जुळतात, आतले पदर काही काळ वेगळे राहतात (हे ‘अर्धसंमीलन’), आणि मग तेही जुळून मध्ये छिद्र उघडते.

प्रतिप्रश्न : मग पाण्यात तरंगणारी दुपदरी पुटिका (पटलाची इवली बंद पिशवी) पृष्ठभागाशी येऊन उघडते, तेही संमीलनच ना?

उत्तर : नाही, आणि येथेच शब्द वेगळे ठेवण्याची गरज कळते. त्या ठिकाणी दुपदरी पटल उकलून एकपदरी तवंग होतो. त्याला ‘पसरण’ म्हणावे. फुफ्फुसातील वायुकोशांत (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत) दोन्ही क्रिया एकामागून एक घडतात. तेथील विशिष्ट पेशींमध्ये लिपिडांचे थरावर थर भरलेल्या पिशव्या असतात. अशा पिशवीचे पटल पेशीच्या पटलाशी जुळते, ते संमीलन. मग आतला माल बाहेरच्या पातळ द्रवात उतरतो आणि पृष्ठभागाशी पोचून तवंग धरतो, ती पसरण. या तवंगामुळे पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ) घटतो आणि श्वास सोडताना वायुकोश मिटून जात नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो पुरेसा नसतो, म्हणून त्यांना श्वास घेणे जड जाते. नातीला हे उदाहरण अवश्य सांगावे.