दमट हवेतून कोरड्या, टेकड्यांलगतच्या उपनगरात बिऱ्हाड हलवतोय – काय काय बदलावं लागेल?

पाणवठा

मंडळी, पंचविशीत आहे. दीड महिन्यात एकट्याने बिऱ्हाड हलवायचंय. आजवर सगळं दमट हवेत आणि भर वस्तीत गेलंय. नवं उपनगर साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात दुपारी ४० अंश, आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, रात्री मात्र पारा २२-२३ वर. घरापासून दहा मिनिटांवर टेकड्या आणि सायकलच्या पायवाटा, खरं तर त्यासाठीच जातोय.

सोबत गिटार, सागवानी टेबल, माउंटन बाइक आणि एक जुनी कार. कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. कूलर घ्यावा की एसी? लाकडी सामानाचं काय होतं? टेकडीवर पाणी किती न्यावं? आणि भाड्याचं घर बघताना असं काय तपासावं, जे दमट हवेतल्या माणसाला सुचतच नाही? 'भरपूर पाणी पी' हे ऐकून झालंय, त्यापुढचं सांगा.

---

वाफारा

कूलरपासून सुरुवात करतो. दमट हवेत राहिलेली माणसं कूलरला नाकं मुरडतात, कारण तिथे तो चालतच नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांना तो चांगला चालेल. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जेवढी गार होऊ शकते तो आकडा, जेमतेम २२-२३ अंश येतो. चांगल्या पॅडचा कूलर ४० आणि या आकड्यातल्या फरकाच्या ७० ते ८० टक्के खाली उतरतो, म्हणजे झोत २६ ते २८ अंशांचा मिळतो. हाच कूलर ३४ अंश आणि ६० टक्क्यांना लावला तर पाचेक अंश उतरतील आणि वर खोली चिकट होईल.

नव्या माणसाची हमखास चूक म्हणजे खिडक्या बंद करून कूलर लावणे. ही काही एसीची सवय चालवायची जागा नव्हे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेवढीच बाहेर जायला वाट हवी. कूलर एका खिडकीत आणि समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवा. नाहीतर तासाभरात खोलीची आर्द्रता ७० वर जाते आणि 'कूलर बिघडला' अशी तक्रार सुरू होते.

दुसरं म्हणजे टाकीतलं पाणी. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. नुसतं वरून भरत राहिलात तर पॅडवर पांढरा थर बसून हवा अडते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्या. डासांचाही प्रश्न त्यातच मिटतो.

रात्री २२ अंश असतील तर कूलरचीही गरज नाही. एका खिडकीत साधा पंखा बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा आणि दुसऱ्या टोकाची खिडकी उघडा, गार हवा आपोआप आत ओढली जाते. सकाळी ऊन चढायच्या आत सगळं बंद, पडदे ओढून. हे नीट जमलं तर कूलर दुपारनंतरच लागतो.

---

रंधा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी लाकडापुरतं बोलतो.

लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. त्यामुळे टेबलाचा वरचा फळा खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळलेला असेल तर फळा आकसू पाहतो, स्क्रू त्याला धरून ठेवतात आणि फळा मधून तडकतो. हलवायच्या आधी टेबल उलटं करून बघा. स्क्रूची भोकं गोल आणि घट्ट असतील तर ती फळ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्या आणि वॉशर घालून हलके आवळा. सुतार अर्ध्या तासात करून देईल. तडा गेल्यावर तोच सुतार दोन दिवस मागतो.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोरडी पडू लागल्याची पहिली खूण डोळ्यांना नव्हे, बोटांना कळते. मानेच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं खरखरीत टोचतात, कारण लाकूड आत गेलेलं असतं आणि धातू जागच्या जागी. मग वरची पाटी खचते, तारा खाली येतात, घरघर सुरू होते. या टप्प्याला तारांची उंची वाढवून घेऊ नका, आधी ओलावा परत द्या. बऱ्याचदा आठवडा-पंधरवड्यात ती पूर्ववत होते.

उपाय सोपा. गिटार भिंतीवर टांगायची नाही. कडक पेटीत ठेवायची, आत भोकात बसणारा, ओलावा देणारा ह्युमिडिफायर आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र). स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्के चुकतात म्हणून आधी मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थेंब टाकत ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत शेजारी शेजारी ठेवून २४ तास हलवू नका. आकडा ७५ यायला हवा. ६९ आला तर यंत्र सहा कमी दाखवतंय, तेवढे मनात मिळवून वाचायचे.

---

काटेरी_चाक

सायकलवाल्यांसाठी कोरड्या भागातला खरा शत्रू ऊन नाही, सराटे आहेत. जमिनीसरशी पसरणारी वेल, पिवळी फुलं, आणि फळ असं की कसंही पडलं तरी एक काटा वर. पायवाटेच्या कडेला, गाडी लावायच्या मोकळ्या जागेत जास्त. सायकल गाडीतून उतरवून ढकलत नेताना पंक्चर होते ती तिथेच. पायवाट सुरू होईपर्यंत उचलून न्या.

ट्यूब वापरत असाल तर बदलण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश पूर्ण फिरवा, दोन्ही दिशांनी. बाहेरून काटा मोडलेला दिसतो, टोक मात्र आत शिल्लक असतं. नवी ट्यूब पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर होते ती यामुळेच. जमलं तर ट्यूबलेस करा. माउंटन बाइकच्या एका टायरात साधारण १०० मिली सीलंट (भोकं आतून बुजवणारा द्रव) लागतं. दमट हवेत ते चार-सहा महिने टिकत असेल, पण इथे दोन-तीन महिन्यांत सुकून रबराचे गोळे होतात. चाक कानाशी धरून हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर सीलंट संपलं.

साखळीला ओलं, तेलकट वंगण नको. बारीक धूळ त्यात बसून घासणारा लगदा होतो. मेणाचं वंगण लावा, जादाचं पुसून टाका.

आता पाणी. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो, म्हणून 'घामच आला नाही' हे माप निरुपयोगी. शर्टावर पांढरे मिठाचे पट्टे आणि लघवीचा रंग, ही खरी मापं. मध्यम चढाला तासाला अर्धा लिटर, कडक उन्हात लिटरभर धरा. निघताना आणलेल्या पाण्यातलं निम्मं संपलं की परत फिरायचं, शिखर कितीही जवळ दिसो. दोन तासांच्या वर असाल तर नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही. रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ सुरू होते. माणूस त्याला तहान समजून आणखी पाणी पितो. ओआरएसची पुडी ठेवा. नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या शनिवारीच मोठी चढाई ठरवू नका.

आणि कोरडा ओढा दिसला म्हणून त्यात तंबू टाकू नका. पाऊस दहा कोस वर पडतो, डोक्यावर आभाळ निरभ्र असतं आणि लोंढा येतो. वाहतं पाणी वीतभर उंच असलं तरी माणसाचा पाय सुटतो.

---

चौकट

घर बघायला दुपारी तीन-चारला जा, सकाळी नाही. दलाल सकाळीच दाखवतात. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. वरचा मजला असेल तर स्लॅब दिवसभर तापून रात्री अकरापर्यंत ऊब टाकत राहते. बाहेर २२ असले तरी आत ३०. पश्चिमेच्या खिडकीवर पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा जाळी लावलेली कितीतरी सरस, कारण ऊन काचेच्या आत शिरतच नाही. घरमालकाची परवानगी करारातच लिहून घ्या. भिंतीत चार खिळे मारायचे असतात, वाद त्यावरूनच होतो.

पाणी जड आहे का ते तिथेच कळतं. पारदर्शक बाटलीत पाव भाग नळाचं पाणी आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब घालून हलवा. निव्वळ साबण हवा, डिटर्जंट नको. फेस धड येत नाही आणि पाणी दुधी होतं तर पाणी जड. टीडीएसचा आकडा म्हणजे जडपणा नव्हे, तो सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा असतो. पाणी जड असेल तर गीझर ६० च्या वर तापवू नका, वर गेलं की थर झपाट्याने बसतो. शॉवरच्या जाळीला व्हिनेगरची पिशवी बांधून रात्रभर ठेवली की भोकं मोकळी होतात.

कारचं थोडक्यात. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुन्या रबराला उन्हात भेगा पडतात, नक्षी शाबूत दिसली तरी. धुळीमुळे एअर फिल्टर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर बघा.

---

थेंबभर

त्वचा आणि डोळ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

मॉइश्चरायझर कोरड्या अंगाला लावून उपयोग कमी. अंघोळ कोमट आणि आटोपशीर, टॉवेलने टिपून अंग किंचित ओलं असतानाच लावा. पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम. नाकातून रक्त येणं पहिल्या महिन्यात होऊ शकतं. मान मागे टाकू नका, रक्त घशात उतरतं. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येमध्ये सोडून बघायचं नाही. अर्ध्या तासात थांबलं नाही तर डॉक्टर. रोज मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे मारला तर वेळ येत नाही.

लेन्स असताना पंख्याचा किंवा कूलरचा झोत चेहऱ्यावर नको. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, लेन्सवर चालणारे थेंब खिशात ठेवा आणि टेकडीवर धुळीच्या दिवशी सरळ चष्मा लावा. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, तेव्हा सनस्क्रीन दर दोन तासांनी.

---

पाणवठा

वाचनखूण साठवली! दोन शंका. कूलर घरात ओलावा आणतोच, मग गिटार त्याच खोलीत उघडी ठेवली तर? आणि मग एसीची गरजच नाही असं समजू का?

---

रंधा

नको. कूलर चालू असताना ६०, तापल्या दुपारी तो बंद केला की पुन्हा २५. नुसत्या कोरडेपणापेक्षा असे रोजचे हेलकावे लाकडाला वाईट. पेटीतच ठेवा.

---

वाफारा

एसीबद्दल माझाच मुद्दा थोडा मागे घेतो. कूलर बाहेरची हवा ओढतो, म्हणजे धुळीचं वादळ आलं किंवा टेकडीवरचं गवत पेटून धूर आला की तो बंदच ठेवावा लागतो, आणि ते नेमके सगळ्यात तापलेले दिवस असतात. पावसाळी हवेचे आठवडेही त्याचे नव्हेत. त्यामुळे झोपायच्या खोलीपुरता छोटा एसी आणि बाकी घराला कूलर. बजेट एकाचंच असेल तर आधी कूलर घ्या, एन-९५ मास्कचं पाकीट आणि दारांच्या फटींना लावायची फोमची पट्टी आणून ठेवा आणि घर घेताना पुढे एसी लावता यावा म्हणून झोपायच्या खोलीत १५ अँपिअरचा पॉइंट आहे ना तेवढं बघा. मागाहून वायर ओढायला घरमालक तयार होत नाहीत.